सोलरच्या कामाला कोणता मीटर घ्यावा? (डीसी ९०० व्होल्टची स्ट्रिंग आहे)

बार्शीचा_वायरमन

नमस्कार मंडळी. आयटीआयचा वायरमन ट्रेड करून सहा वर्षं मी घरांची, दुकानांची वायरिंग केली. मागच्या वर्षी सूर्यमित्रचं प्रशिक्षण घेतलं, आणि आता एका व्हेंडरकडून छतावरच्या सोलरची कामं करतो. पीएम सूर्यघरचं अनुदान ३ किलोवॉटला ७८ हजारांवर थांबतं, त्यामुळे आमच्याकडची बहुतेक घरं तेवढ्याच मापाची निघतात. ५४५ वॉटच्या सहा प्लेटा, एक स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या प्लेटांची माळ), कशालाही न जोडता उघडी मोजली तर जास्तीत जास्त ३०० व्होल्ट. आजवर माझ्या पिवळ्या मल्टीमीटरवर भागलं. फेज-न्यूट्रल बघायला आणि लोड मोजायला एक टाँग टेस्टर (वायरीभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा मीटर) आहे, तो फक्त एसीचा.

आता एका डाळ मिलचं काम मिळालंय. ३६ प्लेटा, १८-१८ च्या दोन स्ट्रिंग, थ्री फेज २० किलोवॉटचा इन्व्हर्टर. प्लेटीच्या मागच्या स्टिकरवर ओपन सर्किट व्होल्टेज ४९.६ आहे. १८ ने गुणलं तर ८९३ व्होल्ट येतात. हा आकडा वहीत लिहिला आणि थोडा वेळ बघत बसलो. एवढ्या व्होल्टेजला मी कधी प्रोब लावलेला नाही.

माझ्या पिवळ्या मीटरवर डीसीला १००० छापलेलं आहे. मग तो चालायला हवा ना? पण हाताला पटत नाही. वायरी पातळ आहेत, प्रोबची टोपी कधीच हरवली, आणि १० अँपिअरच्या भोकाशेजारी बारीक अक्षरात 'अनफ्यूज्ड' लिहिलंय. व्हेंडरचा माणूस म्हणतो काही होत नाही. घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी आहे, म्हणून इथे विचारतोय.

बजेट १२ हजार. एकाच मीटरमध्ये सगळं होईल असं काही आहे का? काम दहा दिवसांवर आहे.

मराठवाडा_इलेक्ट्रिक

एवढा विचार करू नका. ऑनलाइन तीन हजारात डिजिटल मीटर मिळतो, त्यावर कॅट थ्री १००० व्होल्ट लिहिलेलं असतं. मी पाच वर्षं तोच वापरतोय, ८०० व्होल्टवरही लावलाय. अजून तरी काही झालं नाही. ज्याला मीटर धरता येतो त्याला कोणताही चालतो.

निफाडकर

बार्शीकर, मी वयाने मोठा आहे म्हणून तू म्हणतो, राग नसावा. तुझ्या हाताला पटत नाही ते बरोबर आहे. तो पिवळा मीटर डाळ मिलवर नेऊच नकोस. घरच्या कामालासुद्धा तो आता सोड.

मी या धंद्यात २०१२ च्या अखेरीस आलो. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प उभा राहत होता, तिथे हेल्पर होतो. त्यानंतर छतं, कोल्ड स्टोरेज, वाइनरी असं बरंच केलं. आता मी जे सांगतोय ते एका छतावर माझ्यासमोर घडलेलं आहे.

आमच्यातल्या एका पोराने आधीच्या साइटवर बॅटरीचा करंट मोजला होता, तेव्हा लाल वायर १० अँपिअरच्या भोकात लावलेली. दुसऱ्या दिवशी मीटर तसाच उचलला, नॉब डीसी व्होल्टवर फिरवला आणि सोळा प्लेटांच्या स्ट्रिंगच्या दोन टोकांना प्रोब लावले. जुन्या ३३० वॉटच्या प्लेटा, उघड्यावर साधारण ७३० व्होल्ट. भोक चुकीचं असल्यामुळे त्याने मीटरमधून स्ट्रिंग थेट शॉर्ट केली. आता घरातल्या लाइनवर असं झालं असतं तर फ्यूज उडाला असता, एमसीबी पडली असती. इथे काहीच झालं नाही. प्लेटीचा शॉर्ट सर्किट करंटच नऊ अँपिअरच्या आसपास असतो. मीटरचा फ्यूज १० चा. तो कशाला उडेल? मीटर शांत, आकडा शून्य. पोराला वाटलं स्ट्रिंग मेलेली आहे, म्हणून त्याने प्रोब उचलला.

आणि जाळ निघाला. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून तिथला आर्क आपोआप तुटतो. डीसीत शून्य येतच नाही. प्रोब जितका लांब नेला तितका जाळ ताणला गेला. अंगठा आणि त्याशेजारचं बोट भाजलं, प्रोबचं टोक वितळून गोळी झाली. हात बरा व्हायला दोन महिने गेले. त्या पोराला मी साइटवर आणला होता. रोज सकाळी मीटरची भोकं बघ, हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

(असं कुणाचं झालंच, तर प्रोब ओढू नका. एकाने हात स्थिर ठेवायचा, दुसऱ्याने प्लेटांवर ताडपत्री टाकायची. ऊन तुटलं की करंट पडतो, मग सोडवा.)

तुझ्या ५४५ वॉटच्या प्लेटीचा शॉर्ट सर्किट करंट १३ ते १४ अँपिअर असणार. म्हणजे तुझ्याकडे हीच चूक झाली तर १० चा फ्यूज लगेच नाही तरी थोड्या वेळाने उडू शकतो, पण तो कसला आहे ते महत्त्वाचं. काचेची २५० व्होल्टची नळी असेल तर ८९० व्होल्ट डीसी ती तोडू शकत नाही, तार वितळल्यावर आतच जाळ पेटत राहतो. चांगल्या मीटरात १००० व्होल्टचा एचआरसी फ्यूज असतो, सिरॅमिकचा, आत वाळू भरलेला. ती वाळू जाळ गिळते. बदलायला महाग पडतो म्हणून लोक त्याजागी काचेची नळी नाहीतर तार घालतात. जुना मीटर घेतलास तर मागचं झाकण उघडून हे आधी बघ. आणि तुझ्या मीटरचं १० चं भोक तर अनफ्यूज्ड, तिथे तुझ्यात आणि स्ट्रिंगमध्ये काहीच नाही.

मराठवाडावाले भाऊ, पाच वर्षं काही झालं नाही याचा आनंदच आहे. पण तुम्ही पाच वर्षं चूक केली नाही, एवढाच त्याचा अर्थ. बरोबर लावल्यावर सगळेच मीटर आकडा दाखवतात. मी चुकीचं लावेन त्या दिवसासाठी पैसे मोजतो.

'कॅट' म्हणजे काय तेही सांगतो, कारण दुकानदार ते नुसतं तोंडाने म्हणतो. लाइनवर वीज कडाडली, मोठी मोटर बंद झाली, की क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येतो. मीटर तो झेलतो का याची ती परीक्षा आहे. कॅट थ्री १००० व्होल्टचा मीटर ८००० व्होल्टच्या झटक्यावर तपासतात, कॅट टू १००० चा ६००० वर. काही मीटरवर दोन्ही छापलेलं असतं: कॅट टू १०००, कॅट थ्री ६००. तो तुझ्या कामाचा नाही, १००० दिसलं म्हणून फसू नकोस. प्रोबच्या वायरीवरही कॅट छापलेलं हवं. मीटर भारी आणि वायरी फुटपाथवरच्या असतील तर ते सगळं मिळून फुटपाथचंच झालं.

आता तुझा खरा प्रश्न, काय घ्यायचं. माझं मत स्पष्ट आहे: सोलरवाल्याने पहिला मीटर टाँग टेस्टर घ्यावा. मात्र डीसी करंट मोजणारा, आणि डीसी १००० व्होल्टचा. बहुतेक टाँग टेस्टरला अँपिअरचं भोकच नसतं. प्रोबची दोनच भोकं, व्होल्ट आणि कॉमन. त्या पोराकडून झाली ती चूक करायला जागाच राहत नाही. आणि १४ अँपिअरच्या प्लेटी आल्यापासून १० च्या भोकातून करंट मोजण्यात तसाही अर्थ उरलेला नाही.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक, दुकानात टाँग टेस्टर मागितला की एसीचाच हातात देतात. एसीचा जबडा डीसीवर शून्य दाखवतो. डीसीला हॉल सेन्सरचा (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा) लागतो, त्यावर 'झीरो' बटण असतं, हीच त्याची खूण. दोन, डीसी करंट मोजणारेही कित्येक मॉडेल ६०० व्होल्टपर्यंतच असतात. फ्लूक कंपनीचा ३२५ हा नावाजलेला आहे, घरगुती ३ किलोवॉटला छान, पण तो ६०० चा. तुझ्या १८ च्या स्ट्रिंगला नाही. फ्लूक ३७६ एफसी १००० चा आहे. ३९३ एफसी १५०० पर्यंत जातो, पण तो मेगावॉटवाल्या प्रकल्पांसाठी, तुला त्याचा भार नको. आपल्या नाशिकच्या ऋषभ, मोटवाने यांचे आणि मेको, कुसम-मेकोचेही मीटर बघ. नाव कुठलंही असो, दुकानात जाण्याआधी त्या मॉडेलची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघड आणि तीन ओळी वाच: डीसी व्होल्ट किती, डीसी अँपिअर आहे का, कॅट थ्री किती व्होल्टला.

थंडीचंही लक्षात ठेव. तुझे ८९३ हे प्लेट २५ अंशांवर असतानाचे. आमच्या निफाडला जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. प्लेट जितकी गार तितका व्होल्ट जास्त, अंशाला साधारण ०.२७ टक्के. सहा अंशांना तुझी स्ट्रिंग ९३९ वर जाईल. मीटर त्या आकड्याला पुरला पाहिजे, दुपारच्या नाही.

जालन्याची_ताई

निफाडकर दादांशी शंभर टक्के सहमत. मी सोलर पंपांची सर्व्हिस करते, शेतात, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा.

पंपाचा कंट्रोलर डीसीचं थ्री फेज करतो, पण ते महावितरणच्या लाइनसारखं गुळगुळीत नसतं, तुकड्यातुकड्यांचं असतं. साध्या मीटरने आउटपुट मोजलं की एक मीटर एक आकडा सांगतो, दुसरा भलताच. एका शेतात यावरून कंट्रोलर खराब ठरवून बदलायला काढला होता. मी लो पास फिल्टर (ते तुकडे गाळणारा) असलेल्या ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या लाटेचाही खरा आकडा देणाऱ्या) मीटरने तिन्ही फेज बघितले, तिन्ही सारखे. दोष विहिरीतल्या केबलच्या जोडात होता. बार्शीकर, तुम्ही पंपांची कामं घेणार असाल तर हे फिल्टरचं बटण बघून घ्या. फक्त छतावरची असतील तर त्यासाठी जास्त पैसे घालू नका.

दुसरं, आमच्या एका मुलाने नॉब एसी व्होल्टवर ठेवून डीसी स्ट्रिंग मोजली. आकडा शून्याजवळ. "ताई, लाइट नाही," म्हणाला आणि उघड्या टोकाला हात लावायला निघाला. मी ओरडले म्हणून वाचला. तेव्हापासून आमचा नियम आहे: आधी जिथे व्होल्ट आहे हे माहीत आहे तिथे मीटर लावून बघायचा, मग मोजायचं ठिकाण, मग परत माहीत असलेल्या ठिकाणी. मधला शून्य तेव्हाच खरा. यात अर्धा मिनिट जातो.

सेल उतरला की स्वस्त मीटर जास्तीचा आकडा दाखवू लागतात, हेही बघितलंय. बॅटरीचं चिन्ह लुकलुकलं की मोजणं थांबवा. आणि भर उन्हात मीटर पत्र्यावर ठेवून जेवायला जाऊ नका, काच काळी पडते. सावलीत पिशवीत ठेवा.

बार्शीचा_वायरमन

दादा, ताई, मनापासून आभार. दादांची पोस्ट बायकोलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, बारा हजारांचं बघू नका, मीटर आधी घ्या.

तीन शंका आहेत. मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासणारा मीटर) वेगळा घ्यावा लागेल का? अर्थिंग मोजायला काय? आणि जबड्याने करंट मोजला तर तो किती खरा धरायचा?

निफाडकर

वहिनींना नमस्कार सांग.

शेवटची शंका आधी. डेटाशीटमध्ये अचूकता 'दोन टक्के अधिक पाच डिजिट' अशी लिहिलेली असते. मोठ्या जबड्याचा मीटर ०.१ अँपिअरच्या पायरीने मोजतो, म्हणजे पाच डिजिट म्हणजे ०.५ अँपिअर. १० अँपिअरवर दोन टक्क्यांचे ०.२ आणि वरचे ०.५, एकूण ०.७ इकडेतिकडे. दोन स्ट्रिंगमध्ये ०.३ चा फरक दिसला म्हणून प्लेटा उतरवायला लागू नकोस. ऊन तेवढंच आहे ना, ढग आला नाही ना, हे आधी बघ, कारण करंट उन्हाबरोबर नाचतो. मोजण्याआधी जबडा वायरीजवळ, त्याच दिशेला धरून झीरो कर आणि मग अडकव. टेबलावर झीरो करून छतावर नेला तर अर्धा अँपिअर हवेतलाच दिसतो.

मेगर वेगळाच लागतो. मल्टीमीटरचा ओहम नऊ व्होल्टवर किंवा त्याहून कमीवर चालतो. वायरीचं कातडं सोललंय का हे त्याला काय कळणार? १२० ते ५०० व्होल्टच्या स्ट्रिंगला ५०० व्होल्टने मेगर करायचं, त्यावरच्या स्ट्रिंगला १००० ने, आणि दोन्हीकडे निदान १ मेगओहम यायलाच हवा. चांगल्या कोरड्या कामात तो कितीतरी जास्त येतो. मेगर मारण्याआधी इन्व्हर्टर सोडव आणि डीसीडीबीतला (डीसीच्या पेटीतला) एसपीडीही (व्होल्टेजचा झटका जमिनीत सोडणारा भाग) काढून ठेव. तो राहिला तर १००० व्होल्टवर स्वतःच चालू होईल आणि तू चांगल्या वायरीत दोष शोधत बसशील. मी एक अख्खी दुपार अशी घालवली आहे.

अर्थ टेस्टर विकत घेऊ नकोस, निदान या वर्षी तरी. व्हेंडरकडे असणारच, कामापुरता माग. फक्त खुंट्या नीट ठोक. करंटची खुंटी जितकी लांब, तिच्या साधारण ६२ टक्के अंतरावर व्होल्टेजची. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली मुरूम, काळा पाषाण. उन्हाळ्यात आकडा चढतो, म्हणून महिना लिहून ठेव.

पुण्यातला_कॅलिब्रेशनवाला

थोडंसं माझ्या बाजूने. मी एका एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त लॅबमध्ये मीटर तपासतो. मीटर घेताना कॅलिब्रेशनचं (अचूकता तपासल्याचं) सर्टिफिकेट मागा, पण त्यात १००० व्होल्ट डीसीचा पॉइंट तपासलाय का ते वाचा. पुष्कळ सर्टिफिकेटांत २०० आणि ५०० लाच थांबलेलं असतं. जबड्याचे पॉइंटही डीसीवर घेतलेत का बघा. आमच्याकडे येणाऱ्या टाँग टेस्टरमध्ये सगळ्यात जास्त बिघाड जबड्याच्या फटीत असतो, धूळ आणि तेल बसून तो पूर्ण मिटत नाही. मऊ कोरड्या कापडाने पुसत राहा.

बार्शीचा_वायरमन

काम झालं. सांगायला उशीर झाला, माफ करा.

डेटाशीटच्या तीन ओळी दाखवल्यावर व्हेंडरने निम्मे पैसे स्वतः घातले. पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन फ्लूक ३७६ एफसी घेतला. त्यासोबत वेटोळ्याचा एक लवचीक क्लॅम्प मिळतो. दुकानदार म्हणाला सगळीकडे चालतो, पण डेटाशीटमध्ये तो फक्त एसीचा आहे. तुमच्यामुळे वाचण्याची सवय लागली. मेगर एका मित्राचा आणला.

मिलच्या छतावर आधी खालच्या थ्री फेजवर मीटर लावून बघितला. मग पहिली स्ट्रिंग. रबरी हातमोजे, प्रोब नीट, ८३६ व्होल्ट. क्षणभर पोटात गोळा आला, ८९३ का नाही? मग दादांचा ०.२७ टक्के आठवला. दुपारचे दोन, प्लेट हाताला चटका देत होती. ५० अंश धरले तर २५ अंशांचे पावणेसात टक्के कमी. ८३३ येतात. बरोबर होतं.

मग दुसरी स्ट्रिंग. ७८९.

परत पहिली मोजली, ८३५. परत दुसरी, ७८९. खाली जाऊन थ्री फेज बघून आलो, मीटर ठीक. ४६ व्होल्ट कमी, आणि त्या तापमानाला एक प्लेट जवळपास तेवढीच देते. म्हणजे एक अख्खी प्लेट स्ट्रिंगमध्ये नव्हती. स्ट्रक्चरखाली वाकून वायरी मोजत गेलो. पाण्याच्या टाकीमागे बाराव्या प्लेटीच्या दोन्ही वायरी टाय मारून रेलला बांधलेल्या, आणि अकरावीची वायर थेट तेरावीला. माझ्याच पोराने संध्याकाळी घाईत जोडलेलं, मीही वरून बघून ठीक म्हटलेलं. इन्व्हर्टर तसाही चालला असता, मालकाला कधी कळलंही नसतं.

जोडल्यावर ८३४. मग मेगर, एसपीडी काढून, दोन्ही स्ट्रिंग २०० मेगओहमच्या वर. इन्व्हर्टर चालू केल्यावर जबड्याने ९.४ आणि ९.२. मालकांनी विचारलं, हे दोन आकडे वेगळे कसे? त्यांना पाच डिजिटांचा हिशेब समजावून सांगितला.

पिवळा मीटर मुलीला खेळायला देणार होतो, पण बायकोने नको म्हटलं. त्याच्या वायरी कापून भंगारात टाकला.